कॉलबॅक नल राहिला म्हणून कर्नल पडू नये यासाठी काय करायचं

लिनक्स ड्रायव्हर लिहिताना आपण ऑप्स स्ट्रक्चर, म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) नंतर कॉल करायच्या आपल्या फंक्शनांची, म्हणजेच कॉलबॅकची, यादी भरून देतो, ओपनला हे फंक्शन, रीडला ते, आणि जे भरलं नाही ते नल, म्हणजे रिकामा ० पत्ता, राहतं. तो नल कुणी न तपासता कॉल केला की प्रोसेसर थेट ० पत्त्यावर उडी मारतो आणि ऊप्स, म्हणजे कर्नलमधली चूक कळवणारा मेसेज, येतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) आरआयपीसमोर, म्हणजे प्रोसेसर जिथे होता त्या पत्त्यासमोर, फंक्शनच्या नावाऐवजी नुसतं शून्य दिसलं तर समजा हाच प्रकार, मग कॉल ट्रेसमध्ये (कुठल्या फंक्शनने कुणाला कॉल केला त्या यादीत) प्रश्नचिन्ह नसलेलं सगळ्यात वरचं नाव बघा, बहुतेक वेळा कॉल तिथूनच झालेला असतो.

आधी ठरवा कुठला कॉलबॅक सक्तीचा. सक्तीचा असेल तर रजिस्टर करतानाच तपासा आणि नसला तर तिथेच एरर द्या, रात्री दोनला कुणाचा सर्व्हर पडण्यापेक्षा मॉड्यूल लोडच झालं नाही तर खूप बरं. ऐच्छिक असेल तर कॉलच्या आधी तपासा आणि नीट एरर कोड परत करा, आयऑक्टल (डिव्हाइसला खास आज्ञा देणारा कॉल) नसेल तर ईनॉटटीवाय हा एरर कोड वगैरे. गुपचूप ० परत करू नका, कॉल करणाऱ्याला वाटतं काम झालं.

आणि ही तपासणी एकाच रॅपरमध्ये, म्हणजे सगळे कॉल ज्यातून जातात अशा छोट्या फंक्शनमध्ये, ठेवा. २००९ मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी आणि ज्युलियन टिनेस या सुरक्षा संशोधकांनी दाखवलेला, कर्नलच्या सॉक सेंडपेज (सॉकेटवर डेटा पाठवणाऱ्या) फंक्शनचा बग हाच होता, ब्लूटूथ, आयपीएक्स अशा काही प्रोटोकॉलांनी सेंडपेज कॉलबॅक भरलंच नव्हतं आणि सॉक सेंडपेज ते न बघता कॉल करायचं, ० पत्त्यावर स्वतःचा कोड मॅप करता आला की साधा युजर रूट (सगळे अधिकार असलेला) व्हायचा. दुरुस्ती काय, तर आधीच तपासणी असलेल्या कर्नल सेंडपेजमधून कॉल करणं, बस.

ऑप्स शक्यतो स्टॅटिक कॉन्स्ट (नंतर न बदलणारं) ठेवा आणि फील्डचं नाव लिहून भरा. डायनॅमिक लागलंच तर मेमरी घ्यायला केमॅलॉक नको, मेमरी शून्य करून देणारं केझॅलॉक वापरा, कारण केमॅलॉकमध्ये जुना कचरा असू शकतो, तो नल नसतो, मग तुमची नलची इफ तपासणी आरामात पास होते आणि कर्नल कुठेही उडी मारतो.

मॉड्यूल काढताना क्रम पाळा, आधी अनरजिस्टर, मग टायमर आणि वर्क (नंतरसाठी लावलेली कामं) सिंकवाल्या, म्हणजे चालू काम संपेपर्यंत थांबणाऱ्या, फंक्शनने थांबवा, मेमरी सगळ्यात शेवटी सोडा.

अजून एक, डिव्हाइसला रिलीज (शेवटचा वापर संपला की चालणारं) फंक्शन नाही अशी वॉर्निंग आली तर ती गप्प करायला रिकामं फंक्शन देऊ नका प्लीज, रिलीजमध्ये खरोखर मेमरी सोडा.