नेत्याच्या डोक्यावर कर्ज आहे, पण कोणाचं? नमुना २६ असा वाचा

उमेदवाराची संपत्ती किती कोटींनी वाढली याची बातमी होते. निवडणूक शपथपत्रातला (नमुना २६) देण्यांचा तक्ता सहसा कोणी उघडत नाही, आणि उघडला तरी शेवटची बेरीज बघून मिटतो. त्या बेरजेत फारसं काही नसतं. राष्ट्रीयीकृत बँकेचं ६० लाखांचं गृहकर्ज फेडणारा आमदार त्या कर्जापायी कोणाचा मिंधा होत नाही. बिल्डरकडून २० लाख हातउसने घेतलेला होऊ शकतो. बघायचं ते एवढंच: पैसे कोणाचे, कोणत्या अटींवर, आणि देणाऱ्याचं या माणसाच्या सहीवाचून काय अडतं.

लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवारांचं शपथपत्र नमुना २६ मध्ये असतं. निवडणूक आयोगाच्या शपथपत्रांच्या संकेतस्थळावर त्याची स्कॅन प्रत मिळते. (महापालिका, जिल्हा परिषदेसाठी राज्य निवडणूक आयोगाचं शपथपत्र वेगळं.) 'माय नेता' या खासगी संकेतस्थळावरची (तिथे शपथपत्रांतले आकडे संकलित केलेले असतात) माहिती घाईत बघायला चांगली, पण आकडे मूळ प्रतीवरूनच उतरवा. एकच शपथपत्र घेऊन बसू नका. निदान मागच्या दोन निवडणुकांची घ्या, म्हणजे २०१९ आणि २०२४.

आता देण्यांचा भाग, क्रमांक ८. आधी बँका आणि वित्तीय संस्था, मग 'इतर व्यक्ती किंवा संस्था', त्यानंतर सरकारी देणी: सरकारी निवासस्थानाचं भाडं, वीज, पाणी, प्राप्तिकर, जीएसटी, मालमत्ता कर. वादातली देणी अगदी शेवटी असतात. ती सहसा एकूण बेरजेत धरलेली नसतात, म्हणून वेगळी लिहून ठेवा. तुमचं खरं काम मात्र 'इतर व्यक्ती किंवा संस्था' या ओळीत आहे. तिथलं प्रत्येक नाव, शिल्लक रक्कम आणि कर्जाचा प्रकार वहीत उतरवा. उमेदवार, जोडीदार, एकत्र कुटुंब आणि अवलंबित यांचे रकाने वेगळे ठेवा.

लगेच चल संपत्तीच्या तक्त्यात परत जा आणि 'दिलेली कर्जं व येणी' ही ओळ जुळवून बघा. नवऱ्याने बायकोकडून घेतलेले ४० लाख तिच्या येण्यांत दिसले, तर तो घरातला व्यवहार, वजा करा. संयुक्त गृहकर्ज दोघांच्या रकान्यांत पूर्ण दाखवलं असेल, तर बेरीज दुप्पट फुगते. 'एवढ्या कोटींचं कर्ज' म्हणून फिरणारे कित्येक आकडे इथेच फसलेले असतात.

नमुना २६ व्याजदर विचारत नाही, कर्जाची तारीख नाही, तारणही नाही. ही उणीव साध्या गणिताने थोडी भरून निघते. समजा, २०१९ च्या शपथपत्रात एका खासगी कंपनीचं नाव नाही आणि २०२४ मध्ये तिचं २ कोटी ४० लाखांचं विनातारण कर्ज आहे. १२ टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज २८ लाख ८० हजार होतं. त्याच शपथपत्रात मागच्या पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणातलं उत्पन्न असतं. ते वर्षाला १८ लाख असेल आणि जोडीदाराचंही फारसं नसेल, तर व्याज भरायला पैसे कुठून येतात? एक तर कर्ज बिनव्याजी आहे, किंवा व्याज नुसतं साचतंय. दोन्हीत देणारा सवलत देतोय, आणि ती सवलतच तपासायची. कर्ज अचानक गायब झालं असेल तरी हेच: फेडलं, की माफ झालं? फेडलं असेल तर तेवढी शिल्लक घटलेली किंवा मालमत्ता विकलेली दिसायला हवी.

पुढची पायरी देणाऱ्याची ओळख. कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर संचालकांची नावं बघता येतात. १०० रुपये भरले की तिची दाखल कागदपत्रं, ताळेबंदासकट, ठरावीक वेळ उघडतात. नेत्याच्या कुटुंबाची कंपनी असेल तर ताळेबंदातल्या कर्जांच्या टिपा वाचाच. 'संचालकांची वैयक्तिक हमी' हे शब्द तिथे सापडतात. ही हमी शपथपत्रात बहुधा दिसत नाही, पण कंपनी बुडाली तर बँक हमीदाराच्या दारात येते.

जमिनीसाठी सातबारा. 'इतर हक्क' रकान्यात विकास सोसायटीचा, जिल्हा बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा दिसतो. फेरफार क्रमांकावरून तारीख कळते. शपथपत्रातला गट क्रमांक महाभूलेख या सरकारी भूमी अभिलेख संकेतस्थळावर टाका. बोजा आहे आणि देण्यांत त्या संस्थेचं नाव नाही, असं झालं तरी लगेच बोंब ठोकू नका. कर्ज फिटूनही बोजा उतरवायचा राहून जातो, आणि कधी तो सहहिस्सेदाराच्या कर्जाचा असतो. शहरात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि नोंदणी विभागाची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) बघा. थकीत कर्जासाठी सिबिलची दावा दाखल खात्यांची (बँकेने वसुलीसाठी कोर्टात नेलेल्या कर्जांची) यादी फुकट शोधता येते: १ कोटी व त्यावरची दावा दाखल खाती, २५ लाख व त्यावरचे हेतुपुरस्सर कर्जबुडवे. नावं सारखी असतात. पत्ता, वडिलांचं नाव, संचालक क्रमांक जुळल्याशिवाय काहीही लिहू नका.

सहकारात गुंता वाढतो. साखर कारखान्याचं कर्ज अध्यक्षाच्या शपथपत्रात येत नाही, कारण ते कारखान्याचं. पण त्याच कर्जाला राज्य सरकार थकहमी (कारखान्याने कर्ज थकवलं तर भरून देण्याची हमी) देऊ शकतं, आणि तो निर्णय घेणाऱ्या मंत्रिमंडळात कारखान्याशी संबंधित माणसं बसलेली असू शकतात. कमावत्या मुलाचं कर्जही सुटतं: 'अवलंबित' म्हणजे ज्याला स्वतःचं उत्पन्न नाही तो. ही पळवाट लक्षात ठेवून मुलाच्या कंपनीचा ताळेबंद आपणहून काढावा.

मग एका कागदावर तारखांची रांग लावा. डावीकडे कर्ज, उजवीकडे त्या देणाऱ्याशी जोडलेले शासन निर्णय, महाटेंडर या सरकारी निविदा संकेतस्थळावरची कंत्राटं, भूखंड, महारेरात (गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण) नोंदलेले प्रकल्प. शपथपत्रात सरकारी कंत्राटांचाही भाग आहे, तोही जोडा. नेत्याचा त्या खात्याशी संबंध नसेल तर तसं नोंदवा. तारखा लागोपाठ आल्या म्हणून लाच सिद्ध होत नाही. 'हितसंबंध संभवतो' एवढंच लिहिता येतं.

निवडून आल्यानंतरची माहिती आणखी तोकडी. राज्यसभेच्या हितसंबंध नोंदवहीत पाच बाबी येतात: मानधनाचं संचालकपद, मोबदल्याचं नियमित काम, नियंत्रण देणारे समभाग, सशुल्क सल्ला, व्यावसायिक काम. कर्ज त्यात नाही. मंत्र्यांनी मालमत्ता व देणी मुख्यमंत्र्यांना कळवायची असतात, पण ती आचारसंहिता आहे, कायदा नव्हे.

माहिती दडवल्याचा पुरावा हाती असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५अ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावी लागते, आणि ती मतदारही करू शकतो. त्याआधी नेत्याला लेखी चार प्रश्न पाठवा: कर्ज कधी घेतलं, व्याजदर किती, तारण काय, आतापर्यंत किती फेडलं. उत्तराला सात दिवस द्या आणि पोच जपून ठेवा.