मासेमारीचा रॉड घरी बांधताय? मग मूठ तरी स्वतः करा

विकतच्या रॉडची मूठ कोणाच्याच हाताची नसते, सगळ्यांना चालेल अशी असते, आणि दिवसभर गळ टाकून झाला की अंगठ्याच्या बुडाशी जे ठणकतं ना ते बऱ्याचदा त्यामुळेच. ब्लँक (रॉडची नुसती काठी), गाईड (गळाची दोरी म्हणजे लाईन ज्यातून जाते त्या कड्या), रील सीट (रील बसवायची जागा) सगळं तयार घ्या हो, पण मूठ घरी करा.

कॉर्कच्या चकत्या मिळतात, अर्धा इंच जाड, साधारण सव्वा इंच व्यास, मधे पाव इंचाचं भोक. ७ इंची मुठीला १४ लागतात, दोन-तीन जास्तीच्या ठेवा. हे म्हणजे बाटलीचं बूचच, झाडाची साल, त्यामुळे खड्डे असणारच. बाहेरच्या कडेचा खड्डा घासण्यात निघून जातो, भोकाजवळचा आतच लपतो, नडतो तो मधला. म्हणून प्रत्येक चकती फिरवून बघा आणि सगळ्यात स्वच्छ ज्या निघतील त्या अंगठा टेकतो तिथे लावा.

आता पाव इंची आट्यांची सळई घ्या आणि तिला मेणबत्तीचं मेण चांगलं चोळा, आटे भरेपर्यंत. माझ्या पहिल्या मुठीला मी हे केलंच नव्हतं, सकाळी बघतो तर मूठ आणि सळई एकजीव, शेवटी करवतीने उभी चिरली आणि १४ चकत्या कचऱ्यात. गोंद लाकडाचा, पाण्यात न सुटणारा, आणि दोन्ही बाजूंना पातळच लावायचा. दोन भाग मिसळून कडक होणारा एपॉक्सी गोंद इथे नको कारण कॉर्क घासलं जातं आणि एपॉक्सीची रेघ तशीच वर राहते, हाताला बांगडीसारखी लागते. दोन्ही टोकांना वॉशर-नट लावून आवळा, पण पिळून काढू नका, सगळा गोंद बाहेर आला तर आत काय राहणार. रात्रभर हात लावायचा नाही.

सळईचं एक टोक ड्रिलमधे, दुसरं लाकडाच्या ठोकळ्यातल्या भोकात टेकवलेलं, झाला लेथ. मास्क लावा, भुसा फार बारीक उडतो. ८० नंबरचा सँडपेपर पट्टी करून धरा आणि दर काही सेकंदांनी थांबून मूठ हातात धरून बघा, कॉर्क इतकं पटकन उतरतं की डोळ्यांनी आकार ठरवत बसलात तर मूठ बारीक झालेली कळतच नाही. डोळे मिटून, हात ओला करून धरा, कुठे बोचतंय ते बरोबर कळतं. हवंय त्यापेक्षा किंचित जाड असतानाच थांबा, उडालेला भुसा गोंदात कालवून खड्डे भरा, वाळलं की १२० आणि मग २२०. वार्निश मारू नका, पकड घसरते.

खरी परीक्षा भोकाची. ब्लँक निमुळता आणि मूठ शेंड्याकडून सरकवत बुडाकडे आणायची, म्हणजे भोकही निमुळतं पाहिजे, बुडाकडे रुंद. जुन्या तुटक्या रॉडच्या तुकड्याला पेपर चिकटवून हाताने फिरवा, थोडं घासा, घालून बघा, पुन्हा घासा. जागेच्या पाव इंच अलीकडे अडकली की बास, उरलेलं हळू हळू. ढिली झाली तर एपॉक्सी भरून वेळ मारून नेता येते पण पोकळपणा हाताला कळतो.

चिकटवायच्या आधी ब्लँकची स्पाइन, म्हणजे त्याची जास्त ताठ बाजू, बघा. बूड जमिनीवर, शेंडा तळहातावर, मधे दाबून गोल फिरवा, एका ठिकाणी तो आपोआप उडी मारून बसतो, तिथे टेपची खूण. ब्लँक जरा वाकडा असेल तर मात्र मी स्पाइन सोडतो आणि सरळ दिसेल तसाच लावतो. मुठीखालची ब्लँकची चमक पेपरने मारा, रील सीटखाली मास्किंग टेपचे वेढे द्या, मधे मधे फट ठेवून म्हणजे एपॉक्सी आत जाईल. इथे एपॉक्सी हळू वाळणाराच, कारण तो ओला असतानाच रील सीट सरळ करायची असते.

गाईड रॉडच्या फुटांपेक्षा एखादा जास्त, ही ढोबळ सुरुवात. आधी टेपने लावा, लाईन ओवून रॉड वाकवा, लाईन दोन गाईडमधे ब्लँकला फार जवळ येत असेल तर सरकवा. गाईडचे पाय दोरा गुंडाळून ब्लँकला बसवायचे असतात, म्हणून त्यांची टोकं कानशीने पातळ करा नाहीतर दोरा चढताना फट राहते. शेंड्याचं गाईड गरम गोंदाने लावा, तुटलं तर तापवून निघतं.

दोऱ्यावर द्यायचं फिनिश, म्हणजे एपॉक्सीचा थर, दोन भाग सारखे घेऊन, दोन वेगळ्या सिरिंजने मोजा. लावल्यावर रॉड हळू फिरत राहायला हवा, मोटर नसेल तर काही तास दर थोड्या मिनिटांनी हाताने अर्धा फेरा द्या नाहीतर खाली थेंब जमतो. दोन दिवसांनीही चिकट लागलं तर माप चुकलंय, खरवडत बसू नका, नीट मोजलेला दुसरा हात वरून द्या, बहुतेक वेळा खालचं झाकलं जातं.