बिगोनियाची काडी पाण्यात लावताना

बिगोनिया पाण्यात लावायला नाशिकमध्ये पावसाळा एक नंबर, हवा दमट असते आणि ऊनही चटका देत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मुळं फारच हळू फुटतात आणि एप्रिल-मेमध्ये बाटलीतलं पाणी तापून काडी सडते, म्हणून तेव्हा नकोच.

उंच काड्यांचा, पानांवर पांढरे ठिपके असलेला केन बिगोनिया सगळ्यात सोपा. फांदी निरोगी घ्या, अगदी कोवळी नको आणि जून पण नको, स्वच्छ ब्लेडने चार-पाच इंचाची काडी गाठीच्या (जिथून पान फुटतं त्या पेराच्या) जरा खाली कापा, कारण मुळं त्या गाठीपाशीच फुटतात (द्राक्षबागवाल्यांना काडी आणि डोळा काय ते सांगायला नको!). वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढा, कळ्या असतील तर खुडा, जीव हळहळतो पण खुडाच, नाहीतर सगळी ताकद फुलाकडे जाते.

काचेच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत एकच गाठ बुडेल एवढंच पाणी घ्या, पान अजिबात बुडायला नको. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. बदलताना काडीचं टोक बोटाने चाचपून बघा, बुळबुळीत आणि तपकिरी लागलं तर हिरवा कडक भाग येईपर्यंत वर कापा आणि बाटली घासून परत लावा. जागा उजेडाची, थेट उन्हाची नाही. साधारण दोन ते चार आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात.

रेक्स बिगोनियाचं (रंगीत, नक्षीदार पानांचा प्रकार) पान देठासकट लावता येतं, फक्त देठाचं टोक पाण्यात. मुळं येतात, पण बुडाशी नवीन रोप यायला महिनेही लागतात, तेवढा धीर धरा.

आता खरं महत्त्वाचं. मुळं इंच-दीड इंच झाली की लगेच मातीत लावा, पाण्यातली मुळं नाजूक असतात आणि लांब झाली की लावताना मोडतात. आपली काळी माती नुसती वापरू नका, पाणी धरून ठेवते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके पांढरे खडे) आणि थोडं गांडूळखत घ्या, कुंडी तीन-चार इंचाचीच. आपल्या सह्याद्रीत रानटी बिगोनिया पावसाळ्यात ओल्या कातळावर येतो बघा, म्हणजे ओलावा हवा पण पाणी साचलेलं नको. पहिला आठवडाभर वरून भोकं पाडलेली पारदर्शक पिशवी घाला आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. नवीन पानं धरली की शेंडा खुडा, फुटवे येतात आणि तो खुडलेला शेंडा लांब असेल तर परत बाटलीत.