बोअर मारण्याआधी अन् पाणी पिण्याआधी या चुका टाळा

"मशीननं पाहून घेतलं होतं की हो, तरी बोअर कोरडा गेला, नुसता धुरळा!" आपल्याकडं लातूर-बीडला हे वाक्य कुठंही ऐकायला मिळतं, मग माणूस पुन्हा नारळवाल्या पाणाड्याकडं वळतो. पण मशीन खोटं बोललंच असं नाही, बऱ्याचदा ते मोजतं एक अन् आपण समजतो दुसरंच.

रेझिस्टिव्हिटी मशीन पाणी बघतच नाही. चार रॉड ठोकतात, बाहेरच्या दोनमधून करंट सोडतात, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजतात आणि त्यावरून जमीन विजेला किती अडवते ते ओहम-मीटर या एककात काढतात, बस. घट्ट काळा पाषाण जास्त अडवतो, पाणी धरलेला मुरूम कमी अडवतो हे खरं, पण काळी चिकण माती आणि गेरूचा थर तर त्याहून कमी अडवतात अन् त्यातून हाताला पाणी काही येत नाही! म्हणजे आकडा कमी आला की "इथं मारा" म्हणणारा माणूस तुम्हाला गेरूत घालू शकतो.

म्हणून पहिली चूक म्हणजे शेजारची विहीर न बघता मशीन बोलावणं. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असताना जवळच्या दोन-चार विहिरींत वाकून बघा, पावसाळ्यानंतर बघून काही कळत नाही, सगळंच भरलेलं दिसतं. वर काळी माती, मग मुरूम, मग कुठं पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक, त्याखाली गेरूचा तांबडा पट्टा आणि मग पाषाण, असे थर विहिरीच्या कडेला स्पष्ट दिसतात. त्यातला झरा नेमका कुठून येतोय ते बघा. बऱ्याच ठिकाणी तो दोन थरांच्या सांध्यातून येतो, कधी गेरूच्या बरोबर वरून, कारण गेरू पाणी खाली जाऊ देत नाही. तो झरा किती फुटावर आहे ते लिहून ठेवा अन् मशीनवाल्याला म्हणा, भाऊ, पहिलं रीडिंग या विहिरीजवळ घे, मग माझ्या रानात चल. जो याला कुरकुर करतो त्याला पैसे देऊ नका, माझं तरी हेच मत.

रीडिंग घेताना उभं राहून बघा. रॉड लाइटच्या तारेखाली, तार कंपाउंडला लागून किंवा लोखंडी पाइपलाइनवर नकोत. उन्हाळ्यात जमीन वाळून खडखडीत झालेली असते, तिथं रॉडच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं नाहीतर करंट नीट जातच नाही. अन् बाहेरच्या दोन रॉडमध्ये ५० मीटर अंतर ठेवून कुणी ३०० फुटांवरचं पाणी सांगत असेल तर नमस्कार करून घरी पाठवा, फार तर त्या अंतराच्या पाव हिश्शापर्यंतचा अंदाज येतो.

दुसरी चूक, "अजून शंभर फूट जाऊ द्या." एजंटला फुटावर पैसे, तो नाही कशाला म्हणेल! आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, खोल गेलं की भेगा सहसा आवळत जातात. शिवाय २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानं अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे. सर्वेक्षणासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आधी चौकशी करा.

आता पाणी लागलं समजा. लगेच लोक टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर बुडवतात, ३०० आलं की खुश. पण ते मीटर क्षारांचा ढोबळ अंदाज देतं, त्यात नायट्रेट किती, फ्लोराइड किती, जंतू आहेत का, यातलं काहीही कळत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर नको, फ्लोराइड १ पर्यंत बरं, पाण्याचा दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. किनवटकडं बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, त्या बाजूच्यांनी फ्लोराइड आवर्जून तपासा. आणि नायट्रेट उकळून जात नाही, पाण्याची वाफ होते अन् ते उलट दाट होतं, हे लहान बाळ असलेल्या घरात तरी सांगा.

नमुना घेण्यात तर लई घोळ होतो. कोल्ड्रिंकची बाटली कशीबशी विसळून टाकीतलं पाणी भरतात अन् दोन दिवसांनी लॅबला देतात, जंतूंच्या रिपोर्टला मग काय अर्थ राहिला? मोटार थोडा वेळ चालवून केसिंगमधलं (बोअरच्या वरच्या भागात घातलेल्या पाइपातलं) साचलेलं पाणी जाऊ द्या, नमुना थेट बोअरचा घ्या, जंतूंसाठी लॅबकडूनच निर्जंतुक बाटली आणा, झाकणाच्या आत बोट लावू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. फ्लोराइडसाठी मात्र प्लास्टिकचीच बाटली, काच नको. पावसाळ्याआधी एकदा अन् नंतर एकदा तपासा.

जंतू निघाले तर आधी केसिंग बघा. ते मुरमातच संपलं असेल किंवा भोवतालची फट सिमेंटनं बुजवली नसेल तर गोठ्याचं, शोषखड्ड्याचं पाणी तिथूनच आत उतरतं, ब्लीचिंग टाकून चार दिवस बरं वाटतं अन् पुन्हा तेच. बंद पडलेल्या बोअरमध्ये रानातलं पाणी वाळू-खडीच्या गाळणीशिवाय सोडणारेही आहेत, खत अन् फवारणीचं औषध त्या वाटेनं शेजाऱ्याच्या हापशापर्यंत जातं.