आवाज नेमका कुठे तुटतो? खेड्यातल्या मोबाईलचा दोष शोधण्याची रीत

नवा फोन घेऊन दोन महिने झाले, तरी नागपूरला शिकणारा मुलगा ‘बाबा, तुमचा आवाज तुटतोय’ हेच म्हणत राहिला, तेव्हा माझे चौदा हजार रुपये चुकीच्या जागी गेल्याचे माझ्या लक्षात आले. दोष जुन्या फोनमध्ये नव्हता, आमच्या टिनाच्या घरात होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाला स्वतःचा टॉवर नाही. शेजारच्या मोठ्या गावाचा टॉवर सुमारे तीन किलोमीटरवर आहे आणि मध्ये सागाची एक टेकडी आहे. अशा ठिकाणी फोन, सिम किंवा कंपनी बदलण्यापूर्वी दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहण्यासाठी काही दिवस काढावेत. त्याला खर्च काहीच येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावरच्या दांड्यांवर विसंबू नये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मनाने ठरवतो, त्यामुळे एकाच ओट्यावर ठेवलेले दोन फोन एकाच कंपनीच्या सिमवर वेगवेगळ्या दांड्या दाखवू शकतात. खरा आकडा बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या ‘फोनविषयी’ या भागात सिमच्या स्थितीखाली मिळतो आणि तो डीबीएम या एककात, उणे चिन्हासह लिहिलेला असतो. काही फोनवर *#*#४६३६#*#* डायल केल्यावरही तो दिसतो. ४जीवर उणे ९० किंवा त्याहून शून्याच्या जवळचा आकडा चांगला समजावा. उणे १०५ पर्यंत बोलणे साधारण निभावते. उणे ११० च्या पलीकडे आवाज तुटू लागतो आणि उणे १२० च्या आसपास कॉल टिकणे कठीण होते. २जीचा आकडा वेगळ्या पद्धतीने मोजतात, म्हणून त्याची ४जीच्या आकड्याशी तुलना करू नये.

आमच्या घरात मी हा आकडा तीन ठिकाणी पाहिला. स्वयंपाकघरात चुलीजवळ उणे ११८, पुढच्या दारात उणे १०७ आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली उणे ९८ आला. या मोजणीत दर १० च्या फरकाला शक्ती दहापट बदलते, म्हणजे चुलीपासून कडुनिंबापर्यंतच्या वीस पावलांत सिग्नल शंभरपट वाढला होता. लोखंडी पत्रा रेडिओ लहरी परतवून लावतो, त्यामुळे टिनाच्या घरात सिग्नलला दारखिडक्यांवाचून वाट उरत नाही. मातीच्या जाड भिंती पावसात भिजल्या की त्याही जास्त सिग्नल शोषतात. सागाची पाने गळतात त्या दिवसांत टेकडीपलीकडचा सिग्नल थोडा सुधारतो आणि श्रावणात तो पुन्हा खालावतो. तेव्हा उन्हाळ्यात तपासलेल्या रेंजवर पावसाळ्याचा भरवसा ठेवू नये.

यापुढचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून तो जरा सावकाश सांगतो. दांड्या किंवा डीबीएमचा आकडा टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती पोचतो एवढेच सांगतो. तुमचा आवाज टॉवरपर्यंत किती पोचतो हे तो सांगत नाही. टॉवर कित्येक वॅट शक्तीने बोलतो, तर ४जी फोन साधारणपणे वॅटचा पाचवा हिस्सा, म्हणजे २०० मिलिवॅट, एवढ्याच शक्तीने उत्तर देऊ शकतो. वावरात उभा असलेला माणूस भोंग्यावरचे सगळे ऐकतो, पण त्याची हाक भोंग्यापर्यंत जात नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच ‘मला तुझे स्वच्छ ऐकू येते, तुलाच माझे येत नाही’ ही तक्रार गावाकडे इतकी ऐकू येते आणि समोरचा माणूस उगाच आपल्या फोनला दोष देतो. सिग्नल दुबळा असताना फोन पूर्ण जोर लावतो, तापतो आणि बॅटरी लवकर संपवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना तर हे हाताला जाणवते. अशा वेळी फोन सावलीत धरावा, त्याच्या खालच्या व वरच्या कडा मुठीत झाकू नयेत आणि धातूची पट्टी किंवा चुंबक असलेले कव्हर काढून बोलून पाहावे.

मात्र समोरच्याला आवाज न जाण्याचे दुसरे, अगदी साधे कारणही असू शकते. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या घरचा एक फोन दिवसभर ओटीत असे. त्यावरून बोलले की समोरच्याला घागरीत तोंड घालून बोलल्यासारखे ऐकू येई, आणि तेही थेट कडुनिंबाखाली उभे राहून बोलले तरी. फोनमधल्या व्हॉइस रेकॉर्डरवर आवाज भरून ऐकला तर तोही तसाच घुमा निघाला. रेकॉर्डरला टॉवर लागत नाही, त्यामुळे दोष फोनचाच हे तिथेच ठरले. खालच्या बारीक छिद्रात कापसाचा तंतू आणि धूळ यांची घट्ट गुठळी बसली होती. फोन बंद करून, छिद्र जमिनीच्या दिशेने धरून, कोरड्या मऊ दातब्रशने ती हळूहळू झाडली आणि आवाज मोकळा झाला. सुई घालू नये, आतला पडदा फाटतो. तोंडाने फुंकही मारू नये, ओल आत जाते.

फोन निर्दोष ठरला की सेटिंग्जकडे वळावे. ४जीवरून आवाज नेणारी व्होल्टी ही सोय चालू आहे का ते पाहावे. जिओकडे २जी किंवा ३जी जाळे नाही, म्हणून तिथे ती बंद असेल तर साधा कॉल लागत नाही. ५जी दाखवत असूनही आवाज तुटत असेल, तर नेटवर्कचा प्रकार काही दिवस ४जीवर ठेवून फरक पाहावा, कारण ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींइतक्या दूर जात नाहीत आणि भिंतीही तितक्या भेदत नाहीत. बीएसएनएलचे जुने सिम असेल तर ४जीसाठी ते बदलून घ्यावे लागते. धारणी, सिरोंचा किंवा गोंदियाच्या सीमेवरच्या गावांत फोन शेजारच्या राज्यातल्या टॉवरला चिकटतो आणि पडद्यावर रोमिंगची खूण येते. तिथे नेटवर्कची आपोआप निवड बंद करून आपल्या बाजूचे नेटवर्क हाताने निवडून पाहावे.

घरात किंवा शाळेत फायबरचे इंटरनेट असेल, तर वाय-फाय कॉलिंग हा टिनाच्या घरावरचा सर्वांत चांगला उपाय आहे. फोन आणि सिम या दोन्हींना ती सोय असली की साधाच कॉल वाय-फायवरून जातो आणि टेकडीचा प्रश्न उरत नाही. याउलट मोबाईल डेटावरून व्हॉट्सॲप कॉल करणे हा उपाय नव्हे. टॉवर तोच असतो, आणि गर्दीच्या वेळी तो व्होल्टीच्या आवाजाला इतर डेटाच्या पुढे वाट देतो, त्यामुळे बाजाराच्या दिवशी किंवा जत्रेत साधा कॉलच जास्त टिकतो.

आता टॉवरचा दोष. यासाठी मुलांच्या जुन्या वहीत आठ दिवस चार रकाने भरावेत: तारीख व वेळ, जागा, सिम आणि काय झाले. वीज गेल्यावर ठरावीक वेळाने सगळ्या गावाची रेंज जात असेल आणि वीज आल्यावर परत येत असेल, तर टॉवरची बॅटरी दुबळी असण्याचा दाट संभव आहे. फक्त संध्याकाळी सात ते दहा आवाज तुटत असेल, तर ती गर्दी समजावी. दिवसभर सगळीकडे सारखीच रड असेल, तर त्या कंपनीचा सिग्नलच तुमच्या गावापर्यंत पुरत नाही.

या शेवटच्या प्रकारातच कंपनी बदलण्याचा विचार करावा आणि तोही ऐकीव माहितीवर करू नये. शेजाऱ्याचे सिम तासाभरासाठी मागून आपल्याच फोनमध्ये, आपल्याच घरात, सकाळ-संध्याकाळ तपासावे. कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर नकाशे दिलेले असतात, परंतु नकाशातल्या हिरव्या रंगाला तुमचा पत्रा दिसत नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असल्यास ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून, आपला नंबर टाकून १९०० वर संदेश पाठवावा. येणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले असावे लागतात, प्रीपेडमधली शिल्लक पुढे जात नाही, आणि जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सिम बदलून घेतल्यावर सात दिवस पोर्ट करता येत नाही. माझ्या मते मात्र दोन सिमच्या फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्या ठेवणे हेच खेड्यात जास्त शहाणपणाचे आहे.

तक्रार करायची तर आपल्याच सिमवरून १९८ वर करावी आणि तक्रारीचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. ‘रेंज नाही’ एवढेच सांगितले की फोन बंद करून चालू करा असे उत्तर मिळते. मला ते तीन वेळा मिळाले. वहीतल्या वेळा, जागा आणि डीबीएमचे आकडे वाचून दाखवल्यावर चौथ्यांदा तंत्रज्ञाचा फोन आला. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत विनाशुल्क अपील करता येते. ट्राय ही दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, आणि तुटलेल्या कॉलमागे एक रुपया भरपाई देण्याचा तिचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला, त्यामुळे पैशांची आशा धरू नये.

बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर परवानगीशिवाय लावणे बेकायदा आहे आणि त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांचीच रेंज बिघडू शकते. ‘तुमच्या वावरात टॉवर बसवतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्यावा. ट्राय टॉवरसाठी ना-हरकत पत्र देत नाही आणि असे शुल्कही घेत नाही. गावाला खरोखरच टॉवर हवा असेल, तर ग्रामसभेचा ठराव करावा, त्याला आठ-दहा घरांच्या वह्यांची नक्कल जोडावी आणि तो कंपनीकडे व दूरसंचार विभागाकडे पाठवावा. आमच्या गावाचा ठराव गेला, तेव्हा त्याला अकरा घरांच्या नोंदी जोडलेल्या होत्या. त्यांतल्या नऊ घरांवर टिन होते.