शेतात फिरता आरा लावण्याआधी

बाबांनी लावलेला शिसव मागच्या वर्षी वाळला. ओंडके इंदूरला टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीवर, न्यायचे तर गाडी, हमाली, आणि परत येणारं लाकूड आपलंच असेल याची खात्री नाही. म्हणून दादाने पेट्रोल इंजिनाचा, रुळांवर सरकणारा फिरता आरा मागवला आणि देपालपूरकडच्या शेतातच चिराई केली. दाराच्या चौकटीसाठी राखलेला सगळ्यात चांगला तुकडा त्यात वाया गेला आणि भाच्याचा हात थोडक्यात वाचला. दोन्हींचं कारण एकच होतं, आऱ्याच्या पायांखालची माती. या थंडीत आंब्याचे ओंडके चिरायचे आहेत, त्याआधी हे सगळं लिहून काढते आहे. तुम्हालाही आरा लावायचा असेल तर वाचा. मातीचा भाग दोनदा वाचा.

आधी कागद. मध्य प्रदेशात लाकूड चिराईसाठी काष्ठ चिरान (विनियमन) अधिनियम, १९८४ आहे. यंत्र लहान आहे, चाकांवर आहे, आपल्याच शेतात उभं आहे, म्हणून आपल्याला तो लागू नाही असं मनाने ठरवू नका. वनविभागाच्या कार्यालयात जा, लेखी विचारा, उत्तर लेखीच घ्या. झाड शहराच्या हद्दीत असेल तर तोडण्याची परवानगी वेगळी, त्यासाठी २००१ चा कायदा वेगळा. ओंडके रस्त्याने हलवणार असाल तर वाहतुकीच्या पासाचंही तिथेच विचारून घ्या. हे सगळं यंत्र बोलावण्याआधी करायचं, भाडं सुरू झाल्यावर नाही.

आता जागा. इथे घाई केलीत तर पुढचं काहीही नीट होणार नाही.

आपल्या माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते, वाळली की आकसते आणि भेगाळते. कोरडी असताना तिच्यावर पहार आपटली तरी टणत्कार होतो. आम्ही त्याच टणकपणावर विसंबलो. सकाळी लेव्हल लावली, बुडबुडा बरोबर मध्ये होता, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पुन्हा कुणी बघितलं नाही. पण चिरताना ब्लेडवर टाकीतून सारखं पाणी ठिबकत असतं. ते भुशासकट खाली पडतं, भुशाचा थर साचतो आणि त्या थराखालची ओल वरून दिसत नाही. शेजारच्या वाफ्यात त्याच दिवशी गव्हाला पाणी सोडलं होतं, ते वेगळंच. दुपारपर्यंत मधले दोन पाय हळूहळू आत गेले. आवाज झाला नाही, काही हललं नाही, कुणाच्या लक्षात आलं नाही.

नेमकं काय झालं ते सांगते, म्हणजे कारण कळेल. इंजिन आणि पट्टीसारखं ब्लेड बसवलेलं आऱ्याचं डोकं रुळावर चालतं. रूळ मध्ये दबला की ब्लेडही मध्ये खाली उतरतं. ओंडका मात्र ताठ असतो, तो टोकांवर टेकून सरळच राहतो. त्यामुळे पाय खचत गेले तशी प्रत्येक फळी मध्ये सुमारे २ मिमी जास्त जाड निघत गेली. आम्ही मोजत होतो टोकाला, तिथे प्रत्येक वेळी बरोबर ३० मिमी. सात फळ्या अशा निघाल्या. तो सगळा फरक शेवटच्या तुकड्याने भरला. चौकटीसाठी ४० मिमीचा म्हणून राखलेला तुकडा मध्ये २६ मिमीच उरला. बाबांच्या झाडाचा गाभा होता तो.

आणि हात. रुळाला मध्ये खोलगटपणा आला होता, त्यामुळे टोकाला उभं केलेलं डोकं आपोआप मध्याकडे सरकलं. इंजिन मंद केलं होतं, पण ब्लेड अजून फिरत होतं, कारण ते लगेच थांबत नाही, काही सेकंद घेतं. भाचा सालीची फळी उचलायला वाकलेला. दादाने डोकं धरलं म्हणून निभावलं. त्यानंतर मला रात्रभर झोप आली नाही.

म्हणून पायांखाली काय घालायचं ते नीट करा. गणित सोपं आहे. यंत्र आणि मोठा ओंडका मिळून हजार किलो धरा. सहा पाय, प्रत्येकाची लोखंडी पाटी १० सेंमी चौरस. म्हणजे दर चौरस सेंमीवर दीड किलोहून जास्त भार, ओल्या काळ्या मातीत हे रुतणारच. प्रत्येक पायाखाली ४५ सेंमी चौरस बैठक दिली तर तोच भार वीस पटींनी कमी होतो. त्यासाठी वरची वीतभर काळी माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसाने ठोका आणि दोन दिवस तसंच राहू द्या. त्यावर जाड फळ्यांचे दोन थर, एक उभा एक आडवा. नुसती कोटा फरशी टाकू नका, खाली पोकळी राहिली की तडकते. ब्लेडचं पाणी जिथे पडतं तिथे तिरका पत्रा टाकून ते पायांपासून लांब काढा. आणि पाणी सुटणाऱ्या वाफ्याच्या शेजारी आरा लावूच नका. शेजाऱ्याला विचारा पाण्याची पाळी कधीची आहे.

मग लेव्हल. गवंड्याची पाण्याची नळी चांगली, लांब अंतराला छोट्या स्पिरिट लेव्हलपेक्षा खरी. ती लावून झाली की दोरी. एकाच फळीतून कापलेले तीन सारखे ठोकळे घ्या. दोन ठोकळे रुळाच्या दोन टोकांना ठेवून त्यांवरून दोरी घट्ट ताणा आणि तिसरा ठोकळा प्रत्येक पायाजवळ दोरीखालून सरकवून बघा. अडला तर रूळ तिथे वर आहे, फट दिसली तर दबला आहे. दोन्ही रुळांवर करा. मग आडवी लेव्हल प्रत्येक पायापाशी, कारण रुळाला पीळ असला तर फळीलाही पीळ पडतो. शेवटी इंजिन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, आणि ब्लेडपासून ओंडका टेकतो त्या प्रत्येक आडव्या दांडीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. १ मिमीहून जास्त फरक राहू देऊ नका.

हे सकाळी एकदा करून भागत नाही. पहिला ओंडका चढवल्यावर पुन्हा दोरी, कारण वजन आल्यावरच बैठक खरी बसते. त्यानंतर प्रत्येक ओंडक्याला दोरी. जेवून आल्यावर दोरी. भुसा फावड्याने ओढून पायाशी ओल आहे का ते हाताने बघा. दोन मिनिटं लागतात. फळी मोजायची ती दोन्ही टोकांना आणि मध्ये, तीन ठिकाणी. मध्ये मोजलं असतं तर दुसऱ्याच फळीला आम्हाला कळलं असतं.

लाकडातलं लोखंड बघा. शेताच्या कडेच्या झाडात काटेरी तार, दिव्याचा खिळा, जुनी पाटी ठोकलेला बारीक खिळा, काहीही असतं आणि झाड ते गिळून वर साल चढवतं. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळसर काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. लोखंड आणि लाकडातला तुरटपणा मिळून तो रंग येतो. धातू शोधायचं हातातलं यंत्र मिळालं तर फिरवून घ्या. चिकटलेली माती आणि खडे यांच्यासकट साल कुऱ्हाडीने काढून टाका, ब्लेड बोथट होण्याचं निम्मं कारण तेच असतं.

कपडे: ओढणी, गमछा, मनगटाचा धागा, बांगड्या, सैल बाह्या, सगळं काढा. केस बांधा. चष्मा, कानाचं संरक्षण, पुढे लोखंड असलेले बूट. मास्क जरूर, शिसवाच्या आणि सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते आणि श्वासालाही त्रास होतो. हातमोजे ब्लेड हाताळताना घाला, ब्लेड फिरत असताना त्याच्याजवळ नको.

ब्लेड. आमचं ३२ मिमी रुंद, साधारण १ मिमी जाड. त्यामुळे एका चिरेत २ ते ३ मिमी लाकूड भुशात जातं, गोल आऱ्यात याच्या दुप्पट. ब्लेड तीन वेटोळ्यांत बांधलेलं येतं आणि सुटताना स्प्रिंगसारखं उसळतं. हातमोजे, चष्मा, हात लांब, तोंड बाजूला, जवळ मूल नको. चढवल्यावर दातांची दिशा बघा. आतली बाजू बाहेर झाली असेल तर दात उलटे लागतात आणि लाकूड कापण्याऐवजी जळायला लागतं. ताण यंत्राच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच. सरकता मार्गदर्शक रोलर ओंडक्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, मधलं ब्लेड मोकळं राहिलं की ते भरकटतं. हाताने चाक फिरवून ब्लेड जागेवर चालतं का ते बघा, झाकणं लावा, मगच प्लगची टोपी लावा. सुटी ब्लेडं आधीच घेऊन ठेवा, इंदूरच्या सियागंज बाजाराला एक फेरी म्हणजे अख्खा दिवस जातो.

ओंडका चढवणं. हिरवं लाकूड पाण्याइतकंच जड धरा. अडीच मीटर लांब, अर्धा मीटर जाड ओंडका जवळजवळ ४९० किलो भरतो. तो हातांनी अडवता येत नाही. उतरत्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, लहानाने नाही, मोठ्याने नाही, "जरा धरतो" म्हणणाऱ्याने तर अजिबात नाही. चढाव घट्ट बांधा, पाचरी हाताशी ठेवा, फिरवायला आकड्याचा लांब दांडा घ्या. ओंडका एकदम आदळू देऊ नका, पाय त्यानेही खचतात. बसला की ओंडका धरून ठेवणारा शिकंजा आवळा, आणि दोरी.

ओंडका टेकवायचे खुंटे आणि शिकंजा ब्लेडच्या वाटेच्या खाली आहेत का, हे प्रत्येक चिरेआधी वाकून बघा. ओंडका लहान होत जातो, खुंटे तेवढेच उंच राहतात. शेवटच्या दोन फळ्यांना ब्लेड लोखंडावर जाण्याची भीती खरी आहे.

चालवताना दोन मोठी माणसं तरी हवीत, तिसरं लांब, मुलांवर लक्ष ठेवायला. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवा. ब्लेडच्या रेषेत आणि भुसा उडतो त्या बाजूला कुणी उभं नको, ब्लेड तुटलं तर तुकडा तिकडेच येऊ शकतो. लाकडात हळू शिरा, मग एकसारखं ढकला. फळीवर लाटा आल्या किंवा भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला तर ब्लेड बोथट झालंय, जोर लावू नका, बदला. आम्ही दोन तासांनी बदलतो. परत आणताना ब्लेड थांबवून, डोकं थोडं उचलून आणा. ब्लेड पूर्ण थांबल्याशिवाय फळीला हात नाही. डोकं सोडण्याआधी त्याला अडसर लावा, रूळ सरळ दिसत असला तरी.

पेट्रोल इंजिन गार झाल्यावरच भरा. सायलेन्सरजवळ भुसा साचू देऊ नका, बादलीभर पाणी आणि विझवायचं नळकांडं जवळ असू दे. शेडमध्ये चालवू नका, धूर कोंडतो. जखम दाबून बांधायला रुंद पट्टी, १०८ ला जागा कशी सांगायची ते ठरलेलं, फाट्यावर उभं राहायला माणूस ठरलेलं.

आंबा लवकर चिरा, ठेवला की बुरशी आणि किडा लागतो. एक इंचाची फळी हवी असेल तर २८-२९ मिमी काढा, वाळताना आकसते. टोकांना रंग किंवा मेण. रचताना जमिनीपासून हातभर वर, वाळवीसाठी. प्रत्येक थरात दोन-दोन सेंमीच्या पट्ट्या, एकाखाली एक, दीड-दोन फुटांवर. वर वजन. सावलीत, उन्हाळ्याचा वारा थेट लागला तर टोकं फाटतात. इंचाला वर्ष धरा.

संध्याकाळी ब्लेडचा ताण सैल करा, प्लगची टोपी काढा, भुसा पायांपासून ओढा, पाण्याची टाकी बंद आहे ना ते बघा. रात्रभर ठिबकली तर सकाळी पाय पुन्हा खचलेले असतील. आणि सकाळी इंजिनाला हात लावण्याआधी तीन ठोकळे आणि दोरी घ्या, दोन्ही रुळांना, प्रत्येक पायापाशी.