फाइल तिच्या पिशवीत राहू द्या

दरवर्षी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाची मुलं-मुली क्षेत्रकार्यासाठी आमच्याकडे येतात, आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, वस्तीत जाऊन नेमकं करायचं काय?" मी गेली एकोणीस वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम करते आहे, मुख्यतः कचरावेचक आणि घरकामगार बायकांबरोबर. एरवी तोंडी सांगते ते या वेळी लिहून काढलं आहे. सगळं काम एका लेखात मावणार नाही, म्हणून एकच घेतलं: विधवा बाईचा, दरमहा सरकारी मदत मिळण्यासाठीचा, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. हे एक काम नीट जमलं की बाकीची पुष्कळशी जमतात.

आधी वेळ सांभाळा. सकाळी अकराला वस्तीत जाऊन 'कुणी भेटलं नाही' असा अहवाल लिहिण्यात अर्थ नाही. कचरावेचक बायका उजाडायच्या आत बाहेर पडतात. घरोघरचा कचरा गोळा करून झाला की ओला-सुका वेगळा करणं, भंगारवाल्याकडे माल घालणं, आणि मग घर. त्या तीननंतर भेटतात. घरकामगार बायकांना दोन पाळ्यांच्या मधे, दोन ते चार, थोडी उसंत असते. नळाला पाणी कधी येतं तेही विचारून ठेवा. पाणी आलेलं असताना कुणाच्या दारात जाऊन उभं राहू नका. पहिल्या खेपेला एकटे जाऊ नका, अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा महापालिकेच्या समाज विकास विभागातल्या समूह संघटिका यांच्यापैकी कुणाला तरी विनंती करा. वस्तीतले लोक त्यांना ओळखतात, आणि त्यांच्यासोबत गेलं की तुम्ही कोण, कुठल्या, हे चार वेळा सांगावं लागत नाही.

घरात गेल्यावर सांगतील तिथे बसा. पाणी देतील, ते घ्या. पोटाची अडचण असेल तर चहा मागून घ्या, पण स्वतःची बाटली काढून तिच्यासमोर पिऊ नका. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. ते घर याच शहरात, गंज पेठेत आहे. आज त्याच शहरातल्या एखाद्या घरात तुम्ही पाण्याचा पेला न उचलता तसाच ठेवलात, तर समोरच्या बाईला त्याचा अर्थ लगेच कळतो. तिने तो लहानपणापासून पाहिलेला असतो.

पहिल्या भेटीत रजिस्टर काढू नका. "तुमच्या समस्या काय आहेत?" हेही विचारू नका. हा प्रश्न तिला आजवर कितीतरी सर्वेक्षणवाल्यांनी विचारलेला असतो, आणि पाणी, गटार, लाइट हे उत्तर तिच्या ओठावर तयार असतं. त्यापेक्षा "काल दिवसभर काय काय केलंत?" असं विचारा. मग कळतं की ती चारला उठली, धाकट्याला मोठ्या मुलीवर टाकून गेली, म्हणजे मोठी शाळेत गेली नाही. दोन तास पायी चालली. दुपारी जेवली नाही. न विचारता इतकं कळतं.

ज्या विधवा मावशींच्या अर्जावरून मी हे सांगते आहे त्या दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या. माझ्या तिसऱ्या भेटीत त्यांनी खिळ्यावरची साडीच्या दुकानाची पिशवी काढली. पिशवीत दुधाची पिशवी, तिला गाठ, आणि आत घड्या घातलेले कागद. नवऱ्याचं डिस्चार्ज कार्ड, मुलीचं लसीकरणाचं कार्ड, लाइटची जुनी बिलं. रेशनकार्डाच्या कडा तपकिरी झालेल्या आणि पानं लाटांसारखी उंचसखल. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटून पाणी घरात शिरलं, तेव्हा हे कार्ड भिजलं होतं. मावशींनी ते शेजारणीच्या चुलीवर तवा कोमट करून, एकेक पान उलटत वाळवलं. अक्षरं अजून वाचता येतात. हे सांगताना त्या कार्डावरून हात फिरवत होत्या.

त्या पिशवीतला कागद तुमच्या सॅकमध्ये जाता कामा नये. हे मी अनुभवावरून सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाईचे मूळ कागद मी 'झेरॉक्स काढून आणते' म्हणून शुक्रवारी ऑफिसात नेले. शनिवारी रात्री तिच्या मुलाला ताप मेंदूत गेला म्हणून एका रुग्णालयात भरती करावं लागलं. सवलतीसाठी रेशनकार्ड मागितलं, आणि कार्ड माझ्या टेबलाच्या खणात होतं, ऑफिसला कुलूप होतं. तिने मंगळसूत्रातल्या वाट्या गहाण टाकून अनामत भरली. मुलगा बरा झाला. ती मला एका शब्दानं बोलली नाही, आणि त्याचंच मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: झेरॉक्स काढायला तिने यायचं, मूळ कागद तिच्याच हातात, आणि प्रतींची फाइलसुद्धा तिच्याच पिशवीत.

ओघात आलं म्हणून सांगते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक किंवा समाजसेवक असतात, आधी त्यांना शोधा. हे प्रत्येक घरात सांगून ठेवा, तेही कुणी आजारी पडायच्या आधी.

आता अर्जाकडे वळू. विधवा बाईसाठी मुख्य अटी अशा: वय १८ ते ६५, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं रहिवास, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. अनुदान महिन्याला १,५०० रुपये. वय पासष्टच्या पुढे असेल तर वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना बघायची. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. पुण्यात दोन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा ही मर्यादा ओलांडते. ती मला अन्यायाची वाटते आणि ती वाढावी म्हणून संघटनांबरोबर उभं राहणं हेही आपलंच काम आहे. पण म्हणून मावशींना खोटं लिहायला सांगू नका. पडताळणीत ते उघडं पडलं तर भोगायचं त्यांना असतं. तिला खरोखर किती दिवस काम मिळालं, आजारपणात किती खाडे झाले, याचा तिच्यासोबत बसून प्रामाणिक हिशोब करा आणि तोच लिहा.

कागद लागतात ते असे: नवऱ्याचा मृत्यू दाखला, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, फोटो. सगळ्यात जास्त वेळ मृत्यू दाखल्यात जातो. मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथे होते. नवरा गावी वारला असेल तर दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळेल, पुणे महापालिकेत हेलपाटे मारून उपयोग नाही. नोंद २१ दिवसांत करायची असते. ती केलीच नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मावशींचं नेमकं असंच झालं होतं. दिवसकार्य आटोपून त्या तिसऱ्या आठवड्यात कामावर परतल्या, नोंदीचं कुणी सांगितलंच नाही. त्यात पाच महिने गेले.

दुसरी अडचण नावांची. यावर माझा एक साधा उपाय आहे आणि मी तो प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेते. एका कोऱ्या कागदावर रेघा मारा. प्रत्येक कागदावर नाव कसं लिहिलंय, जन्मतारीख काय आहे, ते काना-मात्रेसकट जसंच्या तसं उतरवा. मावशींचं नाव रेशनकार्डावर एक, आधारवर त्यालाच 'बाई' जोडलेलं, आणि बँकेत माहेरचं आडनाव. अर्धा तास लागतो, पण अर्ज परत येण्यातले दोन-तीन महिने वाचतात. दुरुस्ती करायची तर आधी आधार आणि बँक, कारण अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतं. प्रतींवर स्वसाक्षांकन, म्हणजे तिची स्वतःची सही, चालतं, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी कुणाच्या पाया पडायला लावू नका.

आधारच्या यंत्रावर बोटं ठेवायची वेळ येते तेव्हा तुम्ही शेजारी असा. वर्षानुवर्षं काच, पत्रा, ओला कचरा हाताळून बोटांवरच्या रेषा झिजतात आणि ठसा उमटत नाही. मावशींनी चार वेळा अंगठा ठेवला, चारही वेळा यंत्राने नाकारला. त्या पदराला बोटं पुसत राहिल्या, जणू काही चूक त्यांचीच. हे घडू शकतं आणि यात तुमचा काही दोष नाही, हे घरूनच सांगून निघा. डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. तशी विनंती करा, आणि शक्यतो ती विनंतीही त्यांनाच करू द्या.

तहसील कचेरीच्या खिडकीवर बोलायचं तिनेच. आदल्या दिवशी घरी सराव करा. "माझा निराधारचा अर्ज आहे. पोच द्या. पुढं कधी येऊ?" एवढी तीन वाक्यं पुरतात. तुम्ही मागे उभे राहा. समोरचा माणूस तुमच्याकडे बघून बोलायला लागेल, कारण तुमच्या हातात पेन आहे आणि कपडे इस्त्रीचे आहेत. तेव्हा तुम्ही मावशींकडे बघा, म्हणजे त्याची नजरही तिकडे वळते. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या दाखल्यासारख्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतात. त्यांना ठरलेली मुदत असते आणि ती टळली तर अपील करता येतं. पोच नसेल तर मुदत कुठून मोजणार? बाहेर बसलेला एजंट "ताई, मी करतो" म्हणेल. त्याला पैसे देऊ नका, आणि मावशींनी आधीच दिले असतील तर त्यांच्यावर रागावू नका.

नोंदी त्याच संध्याकाळी लिहा, झोपायच्या आधी. मी वहीच्या पानाचे तीन भाग करते: पाहिलं, ऐकलं, वाटलं. 'घरात दारूचा वास होता' हे पाहिलं-ऐकलं यात येतं, 'नवरा मारत असावा' हे वाटलं यात. हे दोन्ही एकत्र मिसळलं की पुढचा माणूस तुमचा अंदाज हीच वस्तुस्थिती समजून चालतो. मावशींचे शब्द त्यांच्याच भाषेत उतरवा, शुद्ध करू नका. फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. सांगितलेलं कुणाला सांगणार नाही हे वचन द्या, पण त्याची मर्यादाही तेव्हाच सांगा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. अशा वेळी एकट्याने ठरवू नका. त्याच दिवशी तुमच्या पर्यवेक्षकांशी बोला. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक पाठ असू द्या.

कुणीतरी विचारेलच, "पगार घेऊन कसली समाजसेवा?" मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीला गल्लीतल्या दादांनी हे चारचौघांत विचारलं आणि ती रडत परत आली. आपल्या कामाचं रीतसर शिक्षण मुंबईत १९३६ पासून आहे, ज्या संस्थेला आज आपण टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणतो तिथे. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आहे. केसवर्क, ग्रुपवर्क, समुदाय संघटन, म्हणजे एकेका माणसाबरोबर, गटाबरोबर आणि अख्ख्या वस्तीबरोबर काम करणं, हे शिकावं लागतं, चुकावं लागतं, कुणीतरी ते तपासावं लागतं. पगार घेतो म्हणूनच मावशी आम्हाला जाब विचारू शकतात, 'गेल्या मंगळवारी येते म्हणालात आणि आला नाहीत' असं सुनावू शकतात. फुकट येणाऱ्याला असं कुणी बोलत नाही. दादांना हे शांतपणे सांगा. मी त्या मुलीसोबत परत जाऊन सांगितलं. ते ऐकून घेऊन "बरं" म्हणाले, आणि दुसऱ्या आठवड्यात वहिनींचे कागद घेऊन आले.

अर्ज मंजूर झाला की काम संपलं असं धरू नका. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान थांबतं, आणि का थांबलं हे कळायलाच महिने जातात. मावशींच्या मुलीने तो महिना दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवला आहे.

पहिलं अनुदान जमा झालं त्याची बातमी मला मावशींकडून मिळाली नाही. त्यांच्या शेजारणीने सांगितली. तिचाही नवरा वारलेला. मावशी तिला घेऊन तहसील कचेरीत गेल्या होत्या, कुठल्या टेबलावर जायचं ते त्यांनीच दाखवलं, आणि खिडकीवर बोलायची वेळ आली तेव्हा स्वतः मागे सरकून उभ्या राहिल्या. शेजारणीच्या हातात तिची स्वतःची पिशवी होती. मी ऑफिसात येऊन मावशींच्या केसच्या कागदावर 'बंद' लिहिलं आणि खाली तारीख टाकली.